शाळा सोडण्याचे कारण

साताऱ्याच्या त्या प्रशिक्षणाला मी नाइलाजानेच गेले होते. इतिहासाच्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर, डिसेंबरची थंडी, आणि आमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे आधी वडापच्या जीपने उंब्रज, मग एसटी. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की बसायचं स्वस्थ. वीस-बावीस वर्षं मी एकाच हायस्कुलात इतिहास शिकवत आले होते. या वयात मला कोण काय नवीन सांगणार, असं मनात होतंच.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या एका बाईंनी पडद्यावर एक फोटो लावला. शाळेतल्या वर्गाचा. पुढची रांग जमिनीवर मांडी घालून, मागची उभी, कडेला हात मागे बांधलेले गुरुजी. आपल्याकडे दरवर्षी काढतात तसाच. फक्त मुलं जर्मनीतल्या एका लहान गावातली होती आणि फोटो जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा होता.

"यातली पाच मुलं ज्यू आहेत," त्या म्हणाल्या. "कुठली ते ओळखता येतंय का बघा."

कुणालाच ओळखता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं, की फोटोनंतर तीन-चार वर्षांत त्या पाचांना शाळेतून काढलं. पुढे युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात यांतली चौघं गेली. साठ लाखांचा आकडा मी दरवर्षी वर्गात एका ओळीत सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. बाईंनी मात्र पडद्यावर त्या चौघांच्या तोंडांवर एकेक करून बोट ठेवलं.

"मुलांना प्रेतांचे फोटो दाखवू नका," बाई म्हणाल्या. "तू ज्यू हो, तू शिपाई हो, असली नाटकं वर्गात अजिबात करायला लावू नका. लहान गोष्टींपासून सुरुवात करा. आधी काय काय बंद झालं ते सांगा." आणि मग सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "या पाचांची नावं हजेरीपटावरून कुणी कमी केली असतील? त्यासाठी काही सैन्य आलं नसणार. वर्गशिक्षकांनीच केली असतील ना?"

तीनच महिन्यांपूर्वी मीही एक नाव कमी केलं होतं.

आमच्या गावच्या चौकात एक टेलर होता. मुसलमानाचं घर, तीन पिढ्या तिथेच. शाळेचे गणवेश त्याच्याकडेच शिवून व्हायचे. जून जवळ आला की त्याच्या दुकानापुढे पोरांची रांग लागायची आणि गळ्यात टेप टाकून तो एकेकाला पुढे ओढून घ्यायचा. "गेल्या सालापरास चार बोटं वाढलायस रं. काय घालती आई खायला?" अख्ख्या शाळेची मापं त्याच्या एका जाड वहीत होती. त्याची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. अक्षर सुरेख, गणितात कच्ची, आणि फळ्यावर माझी वेलांटी चुकली तर हात वर करून सांगणारी.

त्या वर्षी गणपतीच्या आधी कुणाच्या तरी मोबाइलवर एक चित्र फिरलं. देवाची विटंबना करणारं. ते टेलरच्या पुतण्याने स्टेटसला लावलं अशी बातमी उठली. पुतण्याकडे बटणांचा साधा फोन होता, त्यावर असलं काही लागतच नाही, हे पोलिसांनी नंतर सांगितलं. पण त्या संध्याकाळी ते कुणी विचारलं नाही. सहा-साडेसहाला चौकात चाळीसएक माणसं जमली. काही बाहेरून मोटारसायकलींवर आलेली, पण बरीचशी गावातलीच.

आमचं घर चौकाच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. घरी मी आणि सासूबाई. आरडाओरडा ऐकून मी दिवा लावला आणि खिडकीत गेले. शटर उचकटलेलं होतं. कापडाचे तागे रस्त्यावर पडले होते, अर्धवट शिवलेल्या खाकी पँटी गटारीत. मग चौघांनी आतून पायमशीन उचलून आणलं आणि रस्त्यावर आपटलं. त्या जमावात माझे पाच-सहा जुने विद्यार्थी होते. कोण कुठल्या बाकावर बसायचा तेही मला आठवत होतं. वरून नावाने एक हाक मारली असती तर निदान त्यांनी मान वर केली असती.

मी दिवा मालवला आणि खिडकी लावून घेतली.

"काय झालं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. मंडळाची पोरं दंगा करतायत."

कुणाला मार बसला नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंचनामा झाला, चौकातला रस्ता झाडला गेला. आठ-नऊ दिवसांनी टेलर शाळेत आला, मुलीचा दाखला न्यायला. बायकोच्या भावाकडे सांगलीला चालले होते. वर्गशिक्षक म्हणून दाखला मीच लिहायला घेतला. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. माझं पेन तिथे थांबलं. तो समोर उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नव्हता.

"लिवा की बाई," तो म्हणाला. "लिवत्यात ते लिवा."

मी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर'. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिलं, 'चांगली'. मग सही केली, आणि तो गेल्यावर हजेरीपटावर तिच्या नावावर तांबड्या शाईने रेघ मारली. पट्टी लावून, सरळ.

साताऱ्याहून परतताना एसटीच्या काचेवर डोकं टेकून मी तीच रेघ बघत होते. तिचा हजेरी क्रमांक तेवीस होता. बावीसनंतर मी रोज थेट चोवीस म्हणायची. मधल्या तेवढ्या श्वासात वर्गात कुणीही हलायचं नाही, हे मला तीन महिने ऐकू येत होतं आणि मी ते ऐकत नव्हते. आता मात्र ते काही केल्या थांबेना. हजेरी घेताना 'आहे बाई' हा तिचा आवाज मला खरोखर ऐकू यायचा, किंचित घोगरा. एकदा मी मान वर करून "हं" म्हणाले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

जानेवारीत गॅदरिंग उरकल्यावर मी नववीला तो विषय घेतला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे छावण्यांपासून नाही, लहान गोष्टींपासून. जर्मनीत ज्यूंना आधी बागेतल्या बाकांवर बसायची बंदी झाली. मग सिनेमा बंद, पोहायचे तलाव बंद. मग मुलांच्या शाळा. पुढे सायकली जमा करून घेतल्या, रेडिओ काढून घेतले. शेवटी शेवटी घरात कुत्रा-मांजरसुद्धा पाळायचं नाही असा हुकूम निघाला.

"कुत्र्यानं काय केलं?" मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "मग त्यास्नी सोडलं कुठं, बाई? कुत्र्यास्नी?"

"मारलं. नाहीतर मालकांनीच आधी मारून टाकायचं."

तिसऱ्या बाकावर टेलरच्या मुलीशेजारी बसणारी मुलगी होती. अर्धा बाक सप्टेंबरपासून रिकामा होता, तरी ती अजून कडेलाच बसायची, सरकून मध्ये आली नव्हती. तिने हात वर केला.

"बाई, शेजारच्यांनी काय केलं?"

"त्यास्नी म्हाईत नसंल," दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं.

"माहीत होतं," मी म्हणाले. "सायकली रस्त्यातून नेल्या. मुलं शाळेत यायची बंद झाली. ते दिसतं. काहींनी लपवलं, जेवू घातलं, स्वतःचा जीव धोक्यात घातला. पण बहुतेकांनी काहीच केलं नाही."

"का?"

वीस-बावीस वर्षांत मला विद्यार्थ्यांनी हजारो प्रश्न विचारले असतील. इतका लहान आणि इतका सरळ प्रश्न आठवत नाही. पुस्तकातली कारणं मला पाठ होती. ती सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"का ते मी सांगते," मी म्हणाले. "सप्टेंबरात आपल्या चौकात दुकान मोडलं तेव्हा मी खिडकीत होते. सगळं बघितलं. मग दिवा घालवला आणि खिडकी लावली. मला वाटलं, आपण एकट्या काय करणार. मला वाटलं, उद्या आपल्या घरावर येतील. आणि खरं सांगायचं तर मला असंही वाटलं, की माझं काय जातंय. तिकडे सरकारने कायदे करून माणसं मारली, इथे एक दुकान मोडलं. दोन्ही एक नाही, तसं समजू नका. पण शेजारचे काहीच का करत नाहीत, ते मला आता पुस्तकात बघावं लागत नाही."

मग ती तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. मी तिला उठवलं नव्हतं.

"बाई, माझे पप्पा बी होते तिथं," ती म्हणाली, आणि बसली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. भले गृहस्थ, पण निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती. "बाई, मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? जर्मनीतलं जर्मनीत ठेवा ना," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीचे वडील आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आता स्वतःचा ऊस बघायचा. सगळा गाव त्याला हवालदारच म्हणतो. शिक्षक खोलीत न येता तो व्हरांड्यातच उभा राहिला.

"बाई, पोरगी माज्याशी बोलंना झालीया. ताट सरकिवलं तर उठून जाती. काय शिकिवलंत तुमी तिला?"

"मी काही तुमचं नाव घेतलं नाही."

"त्या जर्मनीवाल्यांत आमाला नेऊन बसिवलं म्हनं."

"नाही हो," मी म्हणाले. "मी मला बसवलं."

पोरं मैदानात ओरडत होती. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, संस्थेकडे तक्रार करायची धमकी देईल. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी दगूड मारला न्हाई," तो म्हणाला. "कुलपाला बी हात लावला न्हाई. नुसता हुबा हुतो. अठरा वर्सं नोकरी केली, लय बघितलं, पन त्या दिशी पाय हालंना. समदी गेल्यावर ते मशीन पडलं हुतं रस्त्यात. मी आन माजा गडी, दोघांनी उचललं. गोठ्यात ठिवलंय. पोत्याखाली."

"तेव्हापासून?"

"व्हय."

"मग दिलं का नाही?"

"त्येला काय सांगू, बाई? कुटनं आनलं म्हनून सांगू?"

मी म्हणाले, "सांगलीचा पत्ता दाखल्याच्या अर्जावर आहे. मी येते तुमच्याबरोबर."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. त्याच्या पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघं, तो, त्याची मुलगी आणि मी. मागे दोरीने बांधलेलं मशीन. कराड, पेठ नाका, आष्टा, असं करत सांगलीत शिरेपर्यंत कुणी दहा शब्द बोललं नसेल. मुलीने एकदाच विचारलं, "बाई, ती बोलंल का माझ्याशी?" मी म्हणाले, "बघू." हळदीचे दिवस होते. मार्केट यार्डाच्या मागल्या बाजूला गाडी लावली तेव्हा तो दमट, कडवट वास नाकात बसला, तो अजून आठवतो.

दोन खोल्यांचं घर होतं. टेलर दारातच बाकड्यावर बसून काज करत होता. सांगलीत एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचं काम त्याला मिळालं होतं, घरी आणून हाताने करायचं. गाडीतलं मशीन त्याने आधी बघितलं, आम्हाला नंतर. उठला, जवळ आला, आणि चाकावर हात ठेवून ते हळूच फिरवलं. चाक फिरलं. पट्टा तुटलेला होता, सुई नव्हती. पण आतून ते स्वच्छ होतं. कुणीतरी वेळोवेळी तेल घातल्याशिवाय इतक्या महिन्यांत ते तसं राहिलं नसतं.

"हवालदार," तो म्हणाला, "हे तुमच्याकडं कवापासनं?"

"त्याच दिसापासनं."

टेलरने बोटांवर काही मोजल्यासारखं केलं. "म्हंजे मी आठ दिस गावातच हुतो की."

"व्हय."

"भंगारवाल्यांकडं धा येळा जाऊन आलो मी. बापाचं मशीन हुतं."

हवालदार मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं" असं काहीसं म्हणाला, पण ते इतकं हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही. टेलरने ऐकलं का, कोण जाणे. त्याने दोरी सोडायला घेतली. दोघांनी मिळून मशीन उतरवलं आणि भिंतीला लावलं. आतल्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत होता. टेलरची बायको आत होती. माझ्या सगळ्या चोळ्या, ब्लाउज तिनेच शिवलेले. एरवी दारात पाऊल टाकायच्या आधी "या बाई" म्हणणारी. ती बाहेर आली नाही. चहा आला नाही. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मुली मात्र बोलल्या. आधी दोघी भिंतीला टेकून नुसत्याच उभ्या होत्या. मग हवालदाराच्या मुलीने पिशवीतून एक वही काढली, मैत्रिणीची तिच्याकडे राहिलेली भूगोलाची. टेलरच्या मुलीने ती उघडून बघितली आणि म्हणाली, "नकाशे कुणी काढले?" "मी. तू न्हवतीस तवाचे." मग दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या.

परत आल्यावर टेलरची मुलगी माझ्यापाशी आली. उंच झाली होती. नव्या शाळेचं, शिक्षकांचं सांगत होती. गणित अजूनही जात नव्हतं. मी वाट बघत होते, कशाची ते मला नक्की माहीत नव्हतं. निघायच्या वेळी ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी दुकानामागच्या आमच्या माडीवर लपले होते. तिथनं तुमची खिडकी दिसायची."

मी गाडीचं दार उघडलं होतं.

"तुम्ही दिसलात मला. मग दिवा गेला." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, तक्रार म्हणून नव्हे. "मी अम्मीला म्हणाले, बाई खाली यायला निघाल्या."

परतीच्या वाटेवर आष्ट्याला हवालदाराने गाडी थांबवली, चहा सांगितला. मी कप तसाच ठेवला.

टेलरची मुलगी परत गावात आली नाही. दहावी सांगलीतच झाली. आता तिकडेच अकरावीला आहे. तिच्या मैत्रिणीकडून कळत असतं. टेलरचं चौकातलं दुकान आता मोबाइल दुरुस्तीचं झालंय, आणि गणवेश तयार मिळतात, अंगाला न बसणारे. नववीला मी तो विषय दरवर्षी घेते. मुख्याध्यापक हरकत घेत नाहीत. खिडकीचं मी आधीच सांगून टाकते, पोरांनी विचारायच्या आत. कधीकधी वाटतं, सांगून सांगून ते बोथट होईल. होत नाही. दिवा दिसतो, मग जातो, आणि माडीवर एक पोर आईला सांगते, बाई निघाल्या.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा तसंच एक चित्र फिरलं. या वेळी नाव आलं बाजारच्या दिवशी केळी विकणाऱ्या एका गाडेवाल्याचं. दुपारी चारला हवालदाराचा फोन आला.

"बाई, चौकात या. पोरं जमाय लागल्यात."

शाळेतून चौक पाच मिनिटांवर. तरी मी वाटेत दोनदा थांबले. जाऊन बघते तर गाड्यासमोर हवालदार उभा, शेजारी त्याची मुलगी, पिठाच्या गिरणीवाली, वारकरी भजनी मंडळातले दोन म्हातारे, आणि माझ्या मागोमाग, मला कल्पनाही नव्हती, मुख्याध्यापक. माझ्यासकट सगळे मिळून सात जण. समोर वीस-पंचवीस पोरं. त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. या वेळी मी एकेकाला नावाने हाक मारली. "काय रे, आईची तब्येत कशी आहे?" "तुझं पॉलिटेक्निकचं झालं का?" गाडेवाला मागे गाड्याला धरून बसला होता. हवालदाराने एक फणी उचलली आणि उभ्या उभ्या केळी सोलून खायला लागला, एक मुलीला दिलं, एक मला.

अर्ध्या तासात पोरं एकेक करून पांगली. पोलिसांची गाडी त्यानंतर आली. कुणी भाषण केलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. पुढच्या बाजाराला गाडेवाला पुन्हा आला.

"झालं की बाई," हवालदार म्हणाला. "एवढंच लागत हुतं."

तो ते सहज बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. मला त्याच्याकडे बघवेना, त्यालाही माझ्याकडे. पोलीस विचारत होते, काय झालं, कुणी सुरुवात केली. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.